केबल काढली तरी चालणारी डिस्क

या सदरात येणारे वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर बिस्कीट खावं तसे वाचत आलो. वाचायचं, "हॅ, काहीतरीच!" म्हणायचं आणि कप विसळायला ठेवायचा. आमची सौभाग्यवती मात्र मन लावून वाचायची आणि मी हसलो की चिडायची. मी आयुष्यभर अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आमच्या खात्यात भूतबित काही नसतं. मशीन आवाज करतंय म्हणजे काहीतरी झिजलंय, सैल झालंय, नाहीतर कोणीतरी पाना आत विसरलंय. तिसरं कारण जास्त वेळा निघतं.

तेव्हा असा मी, आणि मीच हे लिहायला बसलोय... हसायचं त्यांनी हसून घ्यावं. मीही हसलो असतो.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. जुनी सोसायटी, पहिला मजला, तीन खोल्या. मागच्या खोलीत आमची मुलगी केतकी अभ्यास करायची. ती लग्न होऊन पुण्याला गेली, तिचं टेबल आणि जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर तिथेच राहिला. टेबलासमोर खिडकी, खिडकीखाली दिवाण. दुपारनंतर त्या खिडकीतून छान ऊन येतं आणि पांडवलेण्याचा डोंगर दिसतो.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. सगळी नोकरी तिकडेच केली. आठवडाभर तिकडे राहायचं आणि शनिवारी एसटीने नाशिकला यायचं. नातेवाईक म्हणायचे, "अहो, बदली करून घ्या की." त्यावर ती म्हणायची, "तिकडे मला बोलायला माणसं आहेत. इथे काय, हे आणि ह्यांची बेअरिंगं!" बोलणं हा तिचा श्वास होता. गिरणीत दळण टाकायला गेली तरी पीठ होऊन थंड व्हायचं, पण हिचं बोलणं संपायचं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, पण व्यायामाने ते बरेच परत आले. जरा पाय ओढत का होईना, ती घरात फिरायला लागली. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हिला कळतं सगळं, विचारही पक्के आहेत, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, त्यात जे परत येईल ते येईल, नंतर वेग मंदावतो.

वाचेच्या व्यायामासाठी एक थेरपिस्ट मुलगी घरी यायची. चांगली होती बिचारी. ती चित्रांची कार्डं दाखवायची. "आई, हे काय आहे? केळं. म्हणा, के..." आता ज्या बाईने पोरांच्या पिढ्याच्या पिढ्यांना केळं आणि छत्री शिकवली, तिच्यासमोर ते कार्ड! सुनंदाच्या घशातून घोगरा आवाज निघायचा, शब्द व्हायचा नाही, आणि डोळे भरून यायचे. एके दिवशी तिने डाव्या हाताने सगळी कार्डं पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर तिने आवाज काढायचा प्रयत्नच सोडला.

त्यात माझा स्वभाव. तिने नुसती मान वर केली की मी सुरू: "पाणी? चहा? पंखा? टीव्ही?" तिला काही म्हणायला मी जागाच ठेवायचो नाही. थेरपिस्टने एकदा मला दाराबाहेर गाठलं. "काका, त्यांनी आपणहून आवाज काढायला हवा. कशालाही, कुठलाही. तसं झालं नाही ना, तर मग अवघड होत जाईल." ती गेल्यावर मी जिन्यातच बसलो. हिचा आवाज मला आता कधी ऐकूच येणार नाही, या विचाराने मला तिथून उठवेना. कारखान्यात मोठमोठी ब्रेकडाउन पाहिली, पण असं कधी झालं नव्हतं.

एवढं सांगितलं म्हणजे पुढचं नीट कळेल.

थंडी सुरू झाली तशी सुनंदा दुपारी मागच्या खोलीत, दिवाणावर उन्हाला बसायला लागली. मी तिच्या सोबतीला केतकीच्या टेबलाशी बसायचो. कॉम्प्युटर लावून जुने फोटो बघायचे, बातम्या वाचायच्या. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की कॅबिनेटमधून सारखा आवाज येतोय. कर्रर्र... कर्रर्र... आणि पुढचा लाल दिवा सतत पेटलेला. हार्ड डिस्कचा दिवा तो. डिस्क काम करत असली की लुकलुकतो, हे मला ठाऊक होतं. पण मी तर काहीच करत नव्हतो! एक फोटो उघडून नुसता बघत बसलो होतो.

मी केतकीला फोन लावला. ती आयटीत आहे.

"बाबा, अपडेट चालू असेल. होईल थोड्या वेळाने बंद."

झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग केतकीने सांगत जावं आणि मी करत जावं, असं सुरू झालं. अपडेट थांबवले. अँटिव्हायरसने सगळं तपासलं, काही सापडलं नाही. ते फायलींची यादी करत बसण्याचं इंडेक्सिंग की काय असतं, तेही बंद केलं. इंटरनेटची वायर उपसली. कर्रर्र चालूच. शेवटी तिने मला स्क्रीनवर एक खिडकी उघडायला लावली, त्यात कुठली डिस्क किती काम करतेय ते दिसतं. या कॅबिनेटमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर विंडोज, आणि दुसरी जुनी, तिच्यावर फक्त साठवणीचा माल. आवाज त्या जुन्या डिस्कचा होता, हात लावला की थरथर कळायची. आणि स्क्रीनवर तिच्यापुढे काय दिसावं? शून्य टक्के.

"म्हणजे ती काहीच करत नाहीये, बाबा."

"अगं, इथे गिरणी चालू आहे आणि तू म्हणतेस जातं बंद आहे!"

"तसं नाही, कॉम्प्युटरच्या मते ती काही करत नाहीये."

मी म्हटलं, ठीक आहे, कॉम्प्युटरचं मत बाजूला ठेवू. कॅबिनेट उघडलं आणि त्या डिस्कची डेटा केबल काढून टाकली. आता तिला नुसती वीज मिळत होती, कॉम्प्युटरशी संबंध तुटला. कोणी काही मागणारच नाही, तर डिस्क काय आणि कोणाला देणार? मी हात झटकले आणि चहा टाकायला गेलो. परत आलो तर सुनंदा दिवाणावर बसलेली, आणि डिस्क कर्रर्र... कर्रर्र...

केतकी म्हणाली, काही डिस्क रिकाम्या असल्या की आपली आपण स्वतःची तपासणी करतात. आतच तसा प्रोग्रॅम असतो. हे मला पटलं. आमच्याकडेही काही मशीन सेल्फ-टेस्ट घेत बसायची. मी निर्धास्त झालो, निदान तसं ठरवलं. पण सवय जाते कुठे?

मेंटेनन्सच्या माणसाची एक सवय असते. बेअरिंग आतून कसं चाललंय ते ऐकायचं असलं, की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरच्या नळीसारखं सगळं ऐकू येतं. मी डिस्कला तसा कान लावला. झिजलेल्या वस्तूच्या आवाजाला एक नेम असतो, फिरणाऱ्या गोष्टीचा फेरा त्यात कळतो. इथे तसं नव्हतं. कर्रर्र जायचं, कधी लांब, कधी आखूड. मग थांबायचं. मग एक बारीक टिक. मग पुन्हा कर्रर्र. मी बराच वेळ ऐकलं, पण मला त्यात मशीन सापडेना. स्पष्ट सांगायचं तर मला ते आवडलं नाही.

मग आणखी एक लक्षात आलं. सुनंदा आंघोळीला गेली, डिस्क गप्प. स्वयंपाकघरात जेवायला बसली, गप्प. दिवाणावर येऊन टेकली, की थोड्या वेळात कर्रर्र. मला आधी वाटलं, फरशी हलत असेल, तिच्या बसण्याने कुठेतरी कनेक्शन सैल होत असेल. आमचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मी तिला गॅलरीत बसवलं आणि दिवाणावर मी बसलो. माझं वजन तिच्यापेक्षा जास्त. काही नाही. उठलो, बसलो, चांगला आपटून बसलो. काही नाही. मग दिवाण आहे तिथेच ठेवला आणि तिला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं. कर्रर्र सुरू!

हे मी केतकीला सांगितलं नाही. तिला वाटलं असतं, आईपाठोपाठ बाबांनाही काहीतरी झालं.

सुनंदाला त्या आवाजाचा त्रास होत असणार, असं मी धरून चाललो होतो. एक तर तिला कार्डांनी छळलेलं, वर ही कटकट. एका दुपारी मी उठून भिंतीवरचा स्विचच बंद केला. खोली शांत झाली. आणि सुनंदाने डाव्या हाताने दिवाणाची फळी धाडधाड वाजवली! चेहरा लालबुंद. मी म्हटलं, "काय? पाणी? डोकं दुखतंय? बंद केलंय बघ मी, आता नाही येणार आवाज." तिने उशी उचलून माझ्याकडे फेकली. महिनाभरात तिने एवढा जोर कशातच लावला नव्हता. मी काय समजलो? की ही आवाजाने वैतागलीय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी ठरवलं, ही डिस्क काढून टाकायची. कारण सापडेना की भाग बदला, हा आमच्या खात्यातला शेवटचा मंत्र. केतकीला कळवलं तर ती ओरडलीच.

"बाबा, थांबा! त्या डिस्कवर आईच्या कॅसेट आहेत. सगळं आधी कॉपी करा. आणि नुसतं कॉपी करू नका, फायली चालतायत का ते वाजवून बघा."

या कॅसेटचं सांगायला हवं. आश्रमशाळेत असताना सुनंदाने पोरांच्या आज्यांकडून तिकडच्या गोष्टी टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. कोकणी बोलीतल्या गोष्टी. समुद्राकाठची कोकणी नव्हे, सुरगाणा-पेठकडे कोकणा लोक बोलतात ती. बाजाराच्या दिवशी आज्या नातवंडांना भेटायला यायच्या, तेव्हा ही त्यांना चहा द्यायची आणि बसवायची. त्यात येसूआजी म्हणून एक होती, सुनंदाची फार लाडकी. केतकीने कॉलेजात असताना त्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या. त्यानंतर त्या कोणी ऐकल्या असतील असं मला वाटत नाही. मी तर नाहीच.

मी डेटा केबल पुन्हा जोडली, कॉपी सुरू केली, आणि एक फाइल वाजवली. सुनंदा मागे दिवाणावर बसली होती.

आधी खरखर. मग म्हातारीचा खणखणीत आवाज. ती थोडं सांगायची आणि थांबायची. त्या थांब्यात दुसरा एक आवाज यायचा: "हां." पुन्हा म्हातारी. पुन्हा, "हां."

तो दुसरा आवाज सुनंदाचा होता.

तरुण, ऐसपैस, जरा हसरा. मी खुर्चीत होतो म्हणून बरं. आपल्याला वाटतं, आपल्या माणसाचा आवाज आपल्याला पाठ असतो. नसतो. मी तो विसरायला लागलो होतो, आणि हे मला त्या एका "हां" ने कळलं. मी स्क्रीनकडे तोंड करून रडलो, मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

जरा सावरलो तेव्हा दुसरी गोष्ट कानात शिरली. लांब बोलणं, थांबा, बारीक "हां". आखूड बोलणं, थांबा, "हां". स्क्रूड्रायव्हरला कान लावून मी हाच ताल ऐकला होता. या ठिकाणी मला पहिल्यांदा अंगावर काटा आला, हे मान्य करतो. पण भीती वाटली असं नाही.

त्या बाजूला गोष्ट सांगायची एक रीत आहे. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. सांगणारा थांबला की "हां" म्हणायचं, म्हणजे त्याला कळतं समोरचा जागा आहे, ऐकतोय. हुंकार आला नाही तर सांगणारा गोष्ट पुढे नेत नाही, तिथेच सोडतो. आपल्याकडेही पूर्वी असायचं हे, पण तिकडे ते फार कडक. सुनंदाचा यावरूनच एकदा घोटाळा झाला होता. कुठल्याशा प्राध्यापकांनी तिला सांगितलं, की रेकॉर्डिंगमध्ये मध्ये मध्ये तुमचा आवाज येऊ देऊ नका, स्वच्छ पाहिजे. ही शहाणी येसूआजीची पुढची गोष्ट घेताना तोंडावर पदर धरून गप्प बसली! येसूआजीने थोडा वेळ वाट पाहिली आणि गोष्ट थांबवली. ती थांबवलीच. नंतर दुसऱ्या गोष्टी सांगितल्या, पण ती कधी पुरी केली नाही. पुढे म्हातारी वारली. "त्या गोष्टीचा शेवट काय, ते काही मला कळलं नाही," असं सुनंदा किती वेळा चुटपुटत म्हणाली असेल.

एकेक फाइल वाजवत मी तिथवर पोचलो. ही तीच फाइल आहे हे मला आधी माहीत नव्हतं, नावं सगळी नुसती आकड्यांची होती. कोकणी मला कामापुरती कळते, पण गोष्ट साधी होती. एका पाड्यातला सगळा विस्तव विझतो. एक बाई नदीपलीकडच्या गावातून मडक्यात निखारे घेऊन निघते. परत येते तो नदीला पूर. पलीकडे तिचा पाडा अंधारात, अलीकडे ही, हातात मडकं...

आणि म्हातारी थांबली. हुंकार नाही. खरखर, खरखर. लांब कुठेतरी कोंबडा ओरडला. मग येसूआजी जवळ येऊन बोलल्यासारखी म्हणाली, "कां गे बाय, निजलीस का?"

तिथे फाइल संपली. तेव्हा सुनंदाने ओशाळून बटण बंद केलं असणार.

खोलीत चिडीचूप. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, घोगरा, फाटका, पण शब्द अगदी स्पष्ट:

"नाय... जागी आहां."

मी वळलो. सुनंदा पुढे झुकून बसली होती. डोळे कॉम्प्युटरवर. मी तिच्याकडे बघतोय याचं तिला भान नव्हतं. ती वाट बघत होती, गोष्ट पुढे जायची. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आपण बोललो हे तिला कळलं. डावा हात तिने स्वतःच्या तोंडावर ठेवला.

मी काय बोलावं! मी म्हटलं, "पाणी?" खरंच. दुसरं काही सुचलं नाही. आणि ती हसली.

थेरपिस्टने सांगितलं, की हे शास्त्रात बसतं. ज्याला विचार करावा लागत नाही असं बोलणं, मोजणी, शिव्या, आरत्या, नेहमीची उत्तरं, हे मेंदूत वेगळीकडे राखलेलं असतं आणि पुष्कळदा शाबूत राहतं. तिने कार्डं पिशवीत टाकली. आम्ही रोज दुपारी येसूआजीला लावायला लागलो. सुनंदा टेपमधल्या स्वतःच्या बरोबरीने हुंकार द्यायची. आधी नुसता "हां". मग "हां, मंग?" मग कोकणीतले शब्द, आणि त्यांच्या मागून हळूहळू आपले. मला पहिल्यांदा ती "अहो" म्हणाली तेव्हा मी गिरणीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलंय.

तिचं बोलणं शास्त्रात बसतं, मान्य. डिस्कचं मात्र कुठेच बसत नाही. त्या दुपारनंतर तिने आजतागायत तसा आवाज केलेला नाही. ती अजून कॅबिनेटमध्येच आहे, काढायची हिंमत केली नाही. केतकी येऊन गेली, तिने चाचण्या लावल्या, डिस्क ठणठणीत निघाली. मी तिला तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सेल्फ-टेस्टच असेल बाबा, आणि आई बसायची तेव्हाच तुम्हीही तिथे बसायचात, म्हणून तुम्हाला तसं वाटलं." मी गॅलरीचा आणि खुर्चीचा प्रयोग सांगितला. त्यानंतर ती ऊठसूट आईला मिठी मारत राहिली.

एके दिवशी चहा घेताना मी सुनंदाला विचारलं, "त्या कॉम्प्युटरच्या आवाजाचा तुला एवढा त्रास व्हायचा?"

ती कोड्यात पडली. "कसला... आवाज?"

"अगं, ती कर्रर्र..."

तिने मान हलवली. शब्द शोधायला तिला वेळ लागतो. आता मी थांबतो, जीभ चावून थांबतो. "आवाज... नाही. आजी... बोलायची. तुम्ही... बंद... केलं." आणि उशी फेकल्याची खूण केली.

"काय बोलायची आजी?"

"गोष्ट."

"कुठली?"

मग तिने सांगितली. चहा पार गार झाला, पण सांगितली. नदी उतरलीच नाही. बाई काठावर थांबली, पालापाचोळा घालून विस्तव जपत राहिली. पाणी उतरेना. "मग... तिनं... तिथंच... चूल... मांडली. या... काठाला. धूर... दिसला. मग लोक... तिकडनं... होडी घेऊन... आले. विस्तव... न्यायला." एवढं सांगून तिने कपाळावरचा घाम पुसला आणि कप पुढे केला, दुसरा चहा म्हणून.

मी तिला दुसरा चहा करून दिला. नंतर येसूआजीच्या नातीला, हिराला, फोन केला. ती सुनंदाची विद्यार्थिनी, आता तिकडच्याच दवाखान्यात नर्स आहे. विचारलं, आजीची ती विस्तवाची गोष्ट, तिचा शेवट काय होता?

"बाय तिथंच चूल मांडती ना काका. मंग पल्याडची लोकं येतात तिच्याकडं." सुनंदानेही अगदी हेच सांगितलं, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "पण बाईंना कसं म्हाईत? आजी तर मरस्तोवर म्हणायची, त्या बाईनं हुंकार नाय दिला, तिला शेवट नाय सांगायचा. लय हट्टी होती ती!"

आता कोणी म्हणेल, त्या पाड्यातली कितीतरी पोरं सुनंदाच्या हाताखाली शिकली, एखाद्याने कधी सांगितला असेल शेवट आणि ती विसरली असेल. असेल. मीही हेच म्हटलं असतं, बिस्कीट बुडवत. पण मग इतकी वर्षं ती चुटपुटली ते काय? आणि वायर काढलेली डिस्क काय वाचत होती? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधायचं थांबवलंय.

थेरपिस्ट म्हणते, सुधारणा आहे, पण पूर्वीसारखं धो धो बोलणं आता यायचं नाही. हे तिने हळू आवाजात सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मी कितीतरी महिने त्या जुन्या सुनंदाच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. आता बसत नाही. दुपारी ती दिवाणावर येते आणि एकेक शब्द लावत मला काहीबाही सांगते. मधला शब्द माझ्या ओठावर येतो, तो मी गिळतो आणि "हां" म्हणतो. पाणी उतरायचं तेव्हा उतरेल, नाही उतरलं तर नाही. आमची चूल याच काठावर आहे.